शिसवी ड्रेडनॉट : डी-२८ आणि तिच्याबद्दलची वादकांची मते

अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या डी-२८ या गिटारीबद्दल दोन जाणकार वादकांना विचारले, तर बहुतेक वेळा दोन टोकांची उत्तरे कानावर पडतात. एकाच्या लेखी गायकाच्या साथीला याहून चांगली अकूस्टिक गिटार आजवर झालेली नाही. दुसऱ्याच्या लेखी तिचा खर्ज इतका पसरतो की वरच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, तारा त्याखाली दबून जातात. दोघेही वर्षानुवर्षे वाजवणारे असतात, दोघांचेही कान तयार असतात आणि दोघेही मनापासून बोलत असतात. त्यामुळे त्यांच्यापैकी एकाला खोटे पाडून या वाद्याची पारख होईल असे मला वाटत नाही. ही गिटार स्वतः वाजवून, इतरांच्या हातांतली ऐकून आणि वादकांची उलटसुलट मते पडताळून माझी अशी खात्री झाली आहे की मत देणारा ती कोणत्या हाताने वाजवतो, कोणाबरोबर वाजवतो आणि कुठे बसून ऐकतो हे कळल्याशिवाय तिच्याबद्दलचे कोणतेही मत पुरे मानता येत नाही. या परीक्षणात मी तोच धागा धरून चाललो आहे.

आधी वाद्याची ओळख. डी-२८ ही ड्रेडनॉट आकाराची गिटार आहे : खांदे रुंद, कंबर फारशी आत न गेलेली आणि पोट खोल. खालच्या भागाची रुंदी सुमारे ३९७ मिलिमीटर आणि जास्तीत जास्त खोली सुमारे १२४ मिलिमीटर भरते. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरची पट्टी) तारेची लांबी ६४५ मिलिमीटर असते. वरची फळी सिटका स्प्रूसची, पाठ आणि बाजू भारतीय रोझवूडच्या म्हणजे शिसवी, फिंगरबोर्ड आणि ब्रिज एबनीचे. मार्टिनने हा आकार १९१६ मध्ये बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी प्रथम बनवला आणि १९३१ मध्ये तो स्वतःच्या नावाने बाजारात आणला. १९३४ मध्ये चौदाव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) पोटाला मिळणारी मान आली आणि आज आपण पाहतो ते रूप पक्के झाले. पाठीसाठी आणि बाजूंसाठी १९६९ पर्यंत ब्राझिलियन रोझवूड वापरले जात असे. तेव्हापासून त्याची जागा भारतीय रोझवूडने घेतली.

एवढ्या मोठ्या पोटाची गरज का पडली, हे लक्षात घेतले तर पुढच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. बँजो आणि फिडल यांच्यासारख्या तीक्ष्ण वाद्यांच्या मेळात, ध्वनिवर्धकाशिवाय किंवा एकाच सामाईक मायक्रोफोनसमोर, गिटारीला स्वतःची जागा राखायची होती. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीचे प्रवर्तक बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट १९४५ मध्ये आले तेव्हा त्यांच्या हातातल्या डी-२८ कडे हेच काम होते : खर्जाच्या तारेवर ठोका धरायचा, वरच्या तारांवर कॉर्ड झटकायची आणि दोन ओळींच्या मधली जागा एखाद्या छोट्या पलट्याने भरायची. ब्लूग्रासमध्ये ही गिटार एकट्याने मैफल मारण्यासाठी आली नव्हती. ती मेळाचा पाया सांभाळण्यासाठी आली होती. आज एखादा वादक तिच्यावर शांत खोलीत बोटांनी नाजूक रचना वाजवतो आणि खर्ज अंगावर येतो म्हणून कुरकुरतो, तेव्हा त्याच्या कानाला जे जाणवते ते खरेच असते; पण हे वाद्य ज्या गदारोळातून उभे राहायला घडवले गेले तो गदारोळ तिथे नसतो.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे येऊ. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी (G) हा स्वर जाड पिकने (तार छेडण्याच्या चकतीने), साउंडहोलच्या (वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या) कडेशी, मोकळ्या मनगटाने छेडावा. आधी पिकचा बारीक, नेमका आघात ऐकू येतो. त्यामागोमाग खालून घुमारा उठतो, आणि तो उठायला किंचितसा वेळ घेतो. स्वर जन्मल्यानंतर क्षणभराने तो भरतो. ती गिटार मांडीवर असेल तर हा घुमारा कानांआधी बरगड्यांना कळतो, कारण पाठीचे शिसवी लाकूड छातीला टेकलेले असते आणि तेही सोबत थरथरत असते. त्यानंतर जी राहते ती आस. स्वर विझत जाताना मूळ स्वर मागे पडतो आणि त्याचे उपस्वर, विशेषतः पाचव्या स्वराचा झंकार, बराच वेळ रेंगाळतो. संपूर्ण जी कॉर्ड छेडली तर हे सगळे सहा तारांवर एकदम घडते. पहिल्या दोन तारांवर एक रुपेरी चकाकी असते, खाली भरगच्च खर्ज असतो, आणि या दोहोंच्या मधला भाग थोडा मागे सरकलेला वाटतो. डी-२८ ची स्तुती करणारे आणि तिच्यावर रुष्ट असणारे, दोघेही याच एका गोष्टीबद्दल बोलत असतात.

गायकांना हा मागे सरकलेला मध्यभाग फार प्रिय असतो. माणसाच्या आवाजाचा मुख्य ऐवज मध्यम कंप्रतेच्या पट्ट्यात असतो. गिटार तिथे गर्दी करत नसेल तर गायकाला आवाज चढवावा लागत नाही आणि शब्द मोकळे ऐकू येतात. गाणाऱ्या वादकांच्या अभिप्रायांत मला वारंवार सापडणारी गोष्ट म्हणजे, ही गिटार हाती आली की ते सावकाश गाऊ लागतात. खालून खर्जाचा भक्कम आधार आणि वरून झंकाराची झालर मिळाल्यावर दोन ओळींमधली शांतता भरून काढण्याची धडपड करावी लागत नाही. हे मी स्वतःही अनुभवले आहे, आणि केवळ साथीसाठी गिटार हवी असेल तर या एका गुणापुढे तिचे बाकीचे दोष मला गौण वाटतात.

उलट बाजूची तक्रारही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. खर्ज घुमतो म्हणजे नेमके काय होते? प्रत्येक पोकळ वाद्यात आतली हवा आणि तिच्याशी जोडलेली वरची फळी मिळून एका ठरावीक कंप्रतेला सर्वांत सहज हलतात. ड्रेडनॉटच्या बाबतीत ही कंप्रता साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असते. सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो. म्हणजे गिटारीवर सर्वाधिक वाजणाऱ्या कॉर्डपैकी एकीचा मूळ स्वर नेमका त्या जागेवर बसतो, जिथे पोट आपण होऊन हुंकार भरते. त्यामुळे तो एक स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा फुगतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळा खर्जच बेताल आहे. ज्यांना ही गिटार घोगरी वाटते त्यांनी एकदा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून हीच जी ची रचना वाजवावी. आता सर्वांत खालचा स्वर ११० हर्ट्झचा ए (A) होतो, फुगवट्यापासून थोडा वर सरकतो, आणि तीच गिटार लगेच आटोपशीर वाटू लागते. अनेक वादक ही जागा हाताने शोधून काढतात आणि कॅपोशिवाय या गिटारीला हात लावत नाहीत. त्यामागचे कारण त्यांना सांगता आले नाही तरी त्यांचा कान बरोबर असतो.

उजव्या हाताबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण माझ्या मते डी-२८ बद्दलच्या निम्म्या वादाचे मूळ तिथे आहे. हिच्यातून आवाज काढायला जोर लागत नाही. लहान गिटारीवर वर्षे काढलेला वादक हिच्याकडे येतो तेव्हा तो जुन्या सवयीने पूर्ण दंड वापरून वाजवतो, आणि खर्ज उसळून बाकी सगळे झाकोळते. हात निम्म्याने हलका केला, पिक ब्रिजकडे बोटभर सरकवले आणि खालच्या दोन तारांवर तळव्याची कड अलगद टेकवली, की वरच्या चार तारा पुढे येतात. मात्र याच गिटारीवर हात जड केला तरी स्वर फाटत नाही, आवाज वाढतच जातो, हा तिचा मोठा गुण आहे. हलक्या आणि जोरकस वादनातले हे अंतर जितके मोठे तितके वाद्य गाण्याला उपयोगी, आणि या बाबतीत डी-२८ ला तोड मिळणे कठीण आहे. वादकाने मात्र ती सगळी ताकद प्रत्येक मात्रेला खर्च करू नये.

ऐकण्याच्या जागेचा प्रश्न याहून कमी बोलला जातो. साउंडहोल आणि वरची फळी समोर तोंड करून असतात, तर वादक फळीच्या मागे आणि वर बसलेला असतो. उंच कंप्रतेचे स्वर मुख्यतः समोर जातात. खर्ज सगळीकडे पसरतो. म्हणजे वादकाला आपल्या गिटारीचा खर्ज पुरेपूर आणि झंकार तुटपुंजा ऐकू येतो, तर समोर दोन मीटरवर बसलेल्याला हा तोल निराळा ऐकू येतो. ‘आवाज बोजड आहे’ असे म्हणणाऱ्या वादकाला भिंतीकडे तोंड करून वाजवायला सांगावे. परावर्तित होऊन आलेला आवाज ऐकल्यावर त्याचे मत निदान काही अंशी बदलते. हे मी अनेकांच्या बाबतीत होताना पाहिले आहे. भिंतीपुढच्या या प्रयोगानंतरही ज्याला ती बोजड वाटते, त्याचे मत मी निःशंकपणे ग्राह्य धरतो.

बोटांनी वाजवणाऱ्या वादकांचा नकार असाच समजून घ्यावा लागतो. अंगठा खर्जावर स्वतंत्र चाल धरतो, बोटे वर धून वाजवतात, आणि दोन्ही प्रवाह वेगवेगळे ऐकू येणे ही त्या शैलीची गरज असते. डी-२८ वर अंगठ्याचे स्वर लवकर मिटत नाहीत. ते पुढच्या स्वरात मिसळतात आणि धून धूसर होते. मार्टिनचा ओएम आकार, ज्याची रुंदी सुमारे ३८१ मिलिमीटर आणि खोली सुमारे १०५ मिलिमीटर असते, या कामाला अधिक योग्य आहे असे बहुसंख्य फिंगरस्टाइल वादक सांगतात आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तारांच्या अंतराची त्यांची जुनी तक्रार मात्र आता मागे पडली आहे. २०१७ मध्ये या मॉडेलची पुनर्रचना झाली तेव्हा नटची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून साडेचव्वेचाळीस मिलिमीटर करण्यात आली आणि मानेची घडणही बदलली. जाड बोटांच्या वादकांनी या बदलाचे स्वागत केले, तर अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबणाऱ्यांना जुनीच मान बरी वाटते.

वादकांच्या मतांत ज्या गोष्टीला सर्वाधिक श्रेय दिले जाते ती म्हणजे रोझवूड, आणि इथे माझे मत बहुसंख्यांपेक्षा वेगळे आहे. रोझवूड महोगनीपेक्षा घन आणि जड असते, त्याचे आंतरिक दमन (कंपने जिरवण्याचा गुण) कमी असते, हे खरे आहे. शिसवी फळीचा तुकडा बोटाच्या पेराने ठोकला तर तो स्पष्ट वाजतो. पण तुकडा वाजतो म्हणून गिटारीचा सगळा आवाज त्यातून आला, असे म्हणता येत नाही. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत प्रत्येक वादकाने समजून घ्यावा असा आहे. एकाच कारागिराने एकाच आराखड्यावर सहा गिटारी बनवल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात होता. ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मॅपल, सपेली आणि अक्रोड अशी ती लाकडे होती. ५२ वादकांनी, लाकूड दिसणार नाही अशा स्थितीत, त्या वाजवून पाहिल्या आणि गुण दिले. लाकडागणिक त्या गुणांत फारसा फरक पडला नाही. ब्राझिलियन रोझवूडचा जो अपार लौकिक आहे, तोही डोळ्यांआड टिकला नाही.

यावरून रोझवूडला काही अर्थच नाही असा निष्कर्ष मी काढत नाही. महोगनीची डी-१८ आणि शिसवी डी-२८ शेजारी ठेवून वाजवल्या तर फरक ऐकू येतो : डी-१८ कोरडी, थेट, झटकन बोलणारी, डी-२८ भरलेली, रेंगाळणारी. पण त्या दोन गिटारींत पाठीच्या लाकडाशिवायही पुष्कळ काही निराळे असते; वरची फळी, तिची जाडी, आतल्या पट्ट्यांचे तासकाम, वजन, तारांचे वय. माझ्या मते या आवाजाचा मोठा वाटा पोटाच्या आकारमानाचा आणि वरच्या फळीमागच्या ब्रेसिंगचा, म्हणजे आतल्या पट्ट्यांच्या रचनेचा, आहे, आणि शिसवी पाठ ही त्या आवाजाला शेवटचा रंग देते. ज्यांना हा आवाज आवडतो पण हे लाकूड परवडत नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट दिलासा देणारी आहे.

या मुद्द्याला एक ऐतिहासिक पुरावाही आहे. ब्लूग्रासच्या इतिहासातली कदाचित सर्वांत प्रसिद्ध गिटार म्हणजे गिटारवादक क्लॅरन्स व्हाइट यांची १९३५ ची डी-२८, जी १९७५ मध्ये टोनी राइस या दुसऱ्या गिटारवादकाकडे आली आणि ज्यावर त्यांनी आयुष्यभराचे काम केले. ती शिसवी ड्रेडनॉटच होती, पण तिचे साउंडहोल कोणीतरी मोठे केलेले होते. भोक मोठे केले की आतल्या हवेची नैसर्गिक कंप्रता वर सरकते आणि खर्जाचा फुगवटा आवरतो. राइस यांच्या ध्वनिमुद्रणांत एकेक स्वर जो सुटा, घट्ट आणि वेगातही सुस्पष्ट ऐकू येतो, त्यात त्यांच्या असामान्य हाताचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्या मोठ्या भोकाचा वाटाही नाकारता येणार नाही. ते ऐकून साधी डी-२८ विकत घेणारा वादक पहिल्या दिवशी गोंधळतो, कारण त्याच्या कानात बसलेला आवाज नेहमीच्या भोकाच्या गिटारीचा नसतो.

याच घराण्यातल्या इतर मॉडेलांबद्दल थोडक्यात. १९७६ पासून मिळणारी एचडी-२८ आतून कोरलेल्या, म्हणजे मधे तासून हलक्या केलेल्या ब्रेसिंगची असते. तिचा खर्ज आणखी मोकळा असतो आणि फळी लवकर बोलते. साध्या डी-२८ चा खर्ज ज्यांना जास्त वाटतो त्यांनी तिकडे वळू नये. १९६५ मध्ये आलेल्या डी-३५ ची पाठ तीन तुकड्यांची असते. तिचा आवाज मऊ आहे, साथीला गोड आहे, पण जोरकस पिकिंगला डी-२८ इतका कणखर प्रतिसाद ती देत नाही. एकच शिसवी ड्रेडनॉट निवडायची झाली तर मी साधी डी-२८ निवडेन, कारण हलके आणि जड दोन्ही हात ती सारख्याच समजुतीने सांभाळते.

शरीराच्या सोयीबद्दल वादक जे बोलतात ते मला पूर्ण मान्य आहे. १२४ मिलिमीटर खोलीचे पोट मांडीवर घेतल्यावर उजवा खांदा वर उचलला जातो आणि दंडाच्या आतल्या बाजूला फळीची कड रुतते. तासभर बसून वाजवले की कोपराच्या वर लाल रेघ उमटते. कंबर रुंद असल्यामुळे गिटार मांडीवर घट्टही बसत नाही, ती गुडघ्याकडे घसरते. अंगाने लहान असलेल्या वादकांनी हिला नकार दिला तर त्यात आवाजाचा काही संबंध नसतो आणि त्यांना सवयीचे दाखले देणेही बरोबर नाही. खांदा दुखत असताना कोणीही चांगले वाजवू शकत नाही. उभे राहून, पट्टा थोडा आखूड ठेवून वाजवले तर ही अडचण बरीच कमी होते. बसूनच वाजवायचे असेल तर ती डाव्या मांडीवर, मान वर करून धरावी. शास्त्रीय गिटारवादकांची ही बैठक ड्रेडनॉटलाही मानवते.

तारांच्या निवडीवर वादकांमध्ये जवळजवळ धार्मिक निष्ठेने वाद होतात. १३ ते ५६ या मापाच्या (जाडी इंचाच्या हजारांशांत) मध्यम तारा वरच्या फळीला पूर्ण हलवतात. पिकने वाजवणाऱ्यांना त्यांच्याशिवाय आवाज पोकळ वाटतो. १२ ते ५४ या हलक्या तारांवर खर्ज आवरतो, डावा हात सुखावतो आणि वरच्या तारांची चकाकी अधिक जाणवते. घरगुती वादनाला आणि गाण्याच्या साथीला मी हलक्या तारांच्या बाजूने आहे. फॉस्फर ब्राँझ तारा नव्या असताना हिच्यावर जरा जास्तच झगमगतात, आणि थोड्या वाजवून झाल्यावर त्यांचा तोल बसतो. कोऱ्या तारांवर केलेली पारख म्हणूनच फसवी ठरते. गिटार तीच, वादक तोच, आणि आठवड्याच्या अंतराने दोन वेगळी मते, असे होते ते बऱ्याचदा तारांमुळे.

ध्वनिमुद्रण करणारे आणि रंगमंचावर वाजवणारे या गिटारीकडे सावधपणे पाहतात. मायक्रोफोन साउंडहोलसमोर धरला की १०० हर्ट्झचा तोच फुगवटा सगळ्या ध्वनिमुद्रणावर पसरतो. तो बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या दिशेने, वीत-दीड वीत अंतरावर ठेवला तर तारा आणि लाकूड यांचा तोल हाती येतो. रंगमंचावर, पिकअपमधून मोठ्या आवाजात, हे मोठे पोट स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरू लागते आणि गुरगुरणे सुरू होते. साउंडहोलवर रबरी झाकण आणि इक्वलायझरवर १०० हर्ट्झपाशी अरुंद कपात, हे दोन उपाय बहुतेक वेळा पुरे पडतात. ढोल-ताशासारख्या दणदणीत तालवाद्यांच्या आणि इलेक्ट्रिक बासच्या संगतीत मात्र हिचा खर्ज निरुपयोगी ठरतो, कारण ती जागा आधीच व्यापलेली असते. तिथे डी-१८ किंवा एखादी लहान गिटार अधिक नेटकी बसते.

लाकडाच्या निगराणीबाबत मतभेद नाहीत, फक्त हयगय आहे. संपूर्ण घन लाकडाची ही गिटार ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सर्वांत सुखी असते. हवा कोरडी झाली की फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात, वरची फळी बसते आणि तारा भणभणतात. कोरडेपणा वाढत गेला तर फळी तडकते, आणि शिसवी पाठही त्याला अपवाद नाही. दमटपणा वाढला की फळी फुगते, तारा वर चढतात आणि आवाज मुका होतो. ‘माझी गिटार पूर्वीसारखी वाजत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आधी आर्द्रतामापक पाहावा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर पिकचा जोरही सहन होतो आणि डावा हातही थकत नाही. नव्या गिटारीची मांडणी एकदा जाणत्या कारागिराकडून तपासून घेणे मी आवश्यक मानतो.

परदेशी प्रवास करणाऱ्यांच्या मनात या लाकडाबद्दल अजून धास्ती आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या, धोक्यात आलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, त्यामुळे १९६९ पूर्वीची डी-२८ सीमेपार नेताना कागदपत्रे लागतात. भारतीय रोझवूडसह त्या वंशाच्या इतर सर्व जाती जानेवारी २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि वादकांची बरीच ओढाताण झाली. नोव्हेंबर २०१९ पासून मात्र तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. जुन्या ब्राझिलियन पाठीसाठी जीव टाकणाऱ्यांनी खरेदीपूर्वी हाही भाग ध्यानात घ्यावा.

घ्यायची असेल तर दुकानात एकटे जाऊ नये. आधी स्वतः वाजवावी : जी, मग कॅपो लावून जी, मग एखादे संथ गाणे गुणगुणत, मग बोटांनी. सहाव्या तारेवरचे स्वर पहिल्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत एकेक करून छेडावेत आणि तिसऱ्याचा फुगवटा शेजारच्यांपेक्षा किती वर येतो ते ऐकावे. थोडा येणारच, पण तो स्वर पुढच्या मात्रेवरही आक्रमण करत असेल तर त्याच मॉडेलची शेजारची गिटार उचलावी, कारण एका आराखड्याच्या दोन गिटारींतही या बाबतीत फरक पडतो. पाय दुमडून बसून, नेहमी बसतो तसे, खांद्याला रग लागेपर्यंत वाजवावे. त्यानंतर गिटार सोबत आलेल्याच्या हातात द्यावी, आपण समोर दोन मीटरवर बसावे, आणि तो वाजवत असताना आपण गाणे म्हणावे.